सकाळची चाल

"हाक मीच मारणार. तवर कुणी तोंड उघडायचं न्हाई," फाटकातून आत पाऊल टाकता टाकताच आबांनी सगळ्यांना बजावलं.

सगळे म्हणजे कोण, तर हायकोर्टातून निवृत्त झालेल्या एक न्यायमूर्ती, सोडवून आणलेल्या जनावरांच्या त्या केंद्राचे डॉक्टर आणि मी. मला बजावायची गरज नव्हती. आबांपुढे तोंड उघडायची मला सवयच नव्हती. न्यायमूर्ती वर्तकबाईंना मात्र गेल्या कित्येक वर्षांत असं कुणी दटावलं नसावं. त्या हसून म्हणाल्या, "आज तुमचं कोर्ट, मास्टर. आम्ही गप्प."

आबांनी गंभीरपणे मान डोलवली. बाई गंमत करताहेत हे त्यांच्या ध्यानातसुद्धा आलं नाही.

त्या दिवशी त्यांनी पांढरा शर्ट कडक इस्त्री करून घातला होता आणि मिशांना तेल लावलं होतं. पहाटेपासून तंबाखूला हात लावला नव्हता, कारण शकूला तो वास खपायचा नाही. मला बघायला पाहुणे आले होते तेव्हा हेच आबा गंजीफ्रॉकावर बसून राहिले होते. आज एका सिंहिणीसाठी एवढा थाट बघून मला हसू येत होतं आणि थोडं टोचतही होतं.

होय, शकू म्हणजे सिंहीण. आणि माझे वडील निवृत्ती खोत हे सर्कशीतले सिंहांचे मास्टर. अख्खी सर्कस त्यांना मास्टर म्हणायची, मालकसुद्धा. अंगानं किरकोळच, पण आवाज असा की तंबूच्या ह्या टोकाला त्यांनी हाक मारली तर त्या टोकाला जोकर तोंडाला पावडर लावता लावता थांबायचा. मी तर हातातलं असेल ते टाकून उठायचे. का उठते, न उठून काय होईल, असा विचार कधी मनात आला नाही.

शकू आमच्या सर्कशीतच जन्मली, तासगावच्या मुक्कामात. तिच्या आईनं तिला जवळ घेतलं नाही, म्हणून आबा तिला आमच्या राहुटीत घेऊन आले आणि बाटलीनं शेळीचं दूध पाजून त्यांनी ती जगवली. मी तेव्हा सात-आठ वर्षांची. आम्ही दोघी एका गोधडीत झोपायचो आणि सकाळी उठून बघावं तर माझी वेणी तिच्या तोंडात. आई म्हणायची, "दोन पोरी झाल्या मला. एकीला तेवढ्या मिशा हायत." पुढे आई काविळीनं गेली. शकूला दात आले, नखं आली, तशी ती पिंजऱ्यात गेली आणि मी सायकलवर. धावत्या सायकलवर उभी राहून ट्रंपेट वाजवायचे, तो माझा आयटम. टाळ्या मलाही पडायच्या, पण पोस्टरवर चित्र असायचं ते आबांचं आणि शकूचं.

मग कायदा आला. वाघ, सिंह, अस्वलं, माकडं ह्यांचे खेळ करायचे नाहीत. मालक वर्षानुवर्षं कोर्टात झगडले आणि शेवटी हरले. एके दिवशी जाळीच्या गाड्या आल्या आणि जनावरं घेऊन गेल्या. शकू गाडीत चढेना, तेव्हा तिला चढवायला आबांनाच बोलवावं लागलं. त्यांनी हाक मारली आणि ती चढली. आपल्या हातानं तिला वाटेला लावलं, हे आबांच्या मनातून जाईना.

त्यानंतर आबांनी काय करावं? रिकामा पिंजरा रोज सकाळी धुवायला लागले. बादल्याच्या बादल्या पाणी ओतायचे, खराट्यानं घासायचे, फळी उन्हात घालायचे. दुपारी तिथंच गजांना टेकून बसायचे. जेवायला बसले की दोन घास खाऊन ताट सरकवायचे. गालफडं बसली, शर्ट अंगावर लोंबायला लागला. शकू परत मिळाली नाही तर हा माणूस वर्ष काढणार नाही, असं मला स्पष्ट दिसत होतं आणि मला तर दुसरं कुणी नव्हतं.

म्हणून मालकांनी अर्ज केला तेव्हा मीच सगळ्यात जास्त आशेवर होते. खेळ आम्ही करणार नाही, पण म्हातारी झालेली जनावरं ज्यांनी वाढवली त्यांच्याच हवाली करावीत, असा तो अर्ज. कोर्टानं वर्तकबाईंना सांगितलं, तुम्ही जाऊन बघा आणि काय ते कळवा. बाई आधी आमच्या तंबूत आल्या. लोखंडी खुर्चीवर बसून त्यांनी आबांना विचारलं, "तिनं तुमच्याकडेच का राहावं, ते मला समजावून सांगाल?"

"मला काय इचारताय बाई? तिलाच इचारा की," आबा म्हणाले. "कागदात तुमी लिवलंय, ही मालकाची मालमत्ता. दुसऱ्या कागदात लिवलंय, ही सरकारची मालमत्ता. तिला कुणी इचारलंय का? मी हाक मारतो. आली तर माझी. न्हाई आली तर तुमची."

बाईंनी समोरचे कागद मिटले. मग म्हणाल्या, "इतकी वर्षं खुर्चीत बसले, पण हे मला कुणी सुचवलं नाही. चला, विचारू तिला."

मला आबांचा त्या दिवशी एवढा अभिमान वाटला की सांगता सोय नाही.

तर असे आम्ही त्या केंद्रात आलो होतो. डोंगराच्या पायथ्याला वनखात्याची जागा, एका संस्थेनं चालवायला घेतलेली. दोन्ही बाजूंना उंच जाळ्या, मधून पायवाट. आबा हात हलवत पुढे चालले होते. छडी त्यांनी मुद्दाम घरी ठेवली होती. "ती मला वळखती, छडीला न्हाई," असं म्हणाले होते. माझ्या खांद्याला मात्र कापडी पिशवी होती आणि तिच्यात पंच्यात गुंडाळलेला माझा ट्रंपेट होता. आबांनी विचारलं तेव्हा मी भाकरी आहे म्हणून थाप मारली होती.

ट्रंपेट कशाला, ते सांगते. आमचे बँडमास्टर होते आग्नेल, मूळचे मडगावचे. रोज सकाळी न्याहारी झाली की त्यांचा बँड एक चाल वाजवायचा. मूळची पलटणीची चाल, पण आग्नेलमास्टरांनी तिला असा काही ठेका दिला होता की पाय जागेवर राहायचे नाहीत. खेळात ती कधी वाजली नाही. फक्त सकाळीच, म्हणून आम्ही पोरं तिला सकाळची चाल म्हणायचो. त्या वेळी आबा तंबूच्या दुसऱ्या टोकाला, कनातीच्या आड, नव्या जनावरांची तालीम घ्यायचे. तिकडे बायकापोरांना जायला बंदी. जनावर बिथरतं, म्हणायचे. मग आम्ही सगळी पोरं बँडपाशी. मी सगळ्यांच्या पुढे. नाचायचे, टाळ्या पिटायचे आणि "आणखी मोठ्यांदा!" म्हणून ओरडायचे. माझा तो उत्साह बघूनच आग्नेलमास्टरांनी माझ्या हातात पहिल्यांदा ट्रंपेट दिला. शकू तेव्हा तालमीत नवीन होती. तिच्या कानावरही तीच चाल पडत असणार. माझ्या लेखी ती आमच्या दोघींच्या लहानपणाची चाल होती.

मोठेपणी मी एकदा राहुटीत ती वाजवायला घेतली, तर आबा म्हणाले, "ती नगं. काळजात कालवतं." त्या दिवसांत आई होती, म्हणून त्यांना सोसत नसेल, असं मी धरून चालले. आज मात्र शकूला ती ऐकवायची, तिला घर आठवेल, कदाचित नाचेलसुद्धा, असा माझा बेत होता. आबांना चकित करायचं होतं.

चालता चालता बाईंनी आबांना विचारलं, "मास्टर, स्पष्ट विचारते. शिकवताना मार?"

आबा थांबले. "बाई, रिंगणात सारा मुलूख बघत हुता. चाबूक हवेत वाजतो, जनावराला शिवत न्हाई. शकूच्या अंगावर एक वळ दावा मला."

"वळ नाहीत," डॉक्टर म्हणाले. हे फडतरे डॉक्टर वयानं लहान, बोलायला तुटक. "मागच्या पायांचे सांधे मात्र फार झिजलेत."

"वय झालं तिचं. माझंबी झिजलेत," आबा म्हणाले. बाई हसल्या आणि तो विषय तिथंच राहिला.

शकूचं आवार मोठं होतं. पलीकडच्या टोकाला ऐनाची दोन झाडं, त्यांच्याखाली गवत, आणि अलीकडे, जाळीपासून थोड्या अंतरावर, फळ्यांचा एक माच, तिनं उन्हात पडावं म्हणून केलेला. शकू गवतात आडवी पडली होती. पोट आमच्याकडे, चारी पाय ऐसपैस. आमच्या पिंजऱ्यात अशी पडायला तिला जागाच नव्हती. अंगावर तकाकी आली होती आणि चांगली भरली होती.

"सुटलीया," आबा पुटपुटले. त्यांच्या आवाजात आनंद होता तसं वाईटही वाटलेलं होतं. आपल्यावाचून तिचं बरं चाललंय, हे कुठल्याही बापाला जड जाईल.

मग त्यांनी शर्ट खाली ओढला, जाळीपाशी उभे राहिले आणि हाक मारली. "शकूऽऽ!"

तंबूच्या त्या टोकापर्यंत जाणारी हाक. शकूचे कान ताठ झाले. ती उठली आणि सरळ चालत आली. वाटेत वास घेतला नाही, इकडे तिकडे बघितलं नाही. जाळीशी येऊन तिनं गाल जाळीला लावला. डॉक्टर "बोटं आत नको," म्हणेपर्यंत आबांची बोटं तिच्या कानामागं पोचली होती. ती घशातल्या घशात तो आवाज काढायला लागली, जो मी गोधडीत असताना ऐकायचे. आबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायलाही त्यांनी हात मागे घेतला नाही. "आलीस व्हय गं... आलीस व्हय माझे बाय..."

वर्तकबाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. "तुमच्या साक्षीदारानं साक्ष दिली, मास्टर."

"बगितलंसा?"

"बघितलं."

डॉक्टरांचा चेहरा पडला होता, पण माणूस प्रामाणिक. म्हणाले, "खरं आहे ते सांगतो. आमच्यापैकी कुणाच्या हाकेला ती अशी येत नाही. मनात आलं तर येते, नाहीतर खुशाल पडून राहते."

"ऐकलंसा?" आबा बाईंना म्हणाले. त्यांचा ऊर भरून आला होता. मला तर नाचावंसं वाटत होतं. जिंकलो, आबा वाचले, आता शकूला घेऊन कुठंतरी एक जागा बघायची, असं काय काय माझ्या डोक्यात एकदम सुरू झालं. त्या भरात मी पिशवीतून ट्रंपेट काढला. आबांची पाठ माझ्याकडे होती. मी ओठ ओले केले आणि सकाळची चाल वाजवायला सुरुवात केली.

पहिल्या ओळीलाच शकूचा आवाज बंद झाला.

कान डोक्याला चिकटले. पोट जमिनीला टेकलं. ती जाळीपासून मागे सरकत गेली, पाठ न फिरवता, आणि मला वाटलं, खेळतेय. मी वाजवत राहिले. ती मागे मागे जाऊन माचावर चढली. कडेला बसली. मग तिनं पुढचे दोन्ही पंजे उचलले आणि मागच्या पायांवर उभी बसली. तोच तिचा आयटम, पोस्टरवरचा. तिचे मागचे पाय लटलट कापत होते. फळ्यांवरून काहीतरी ओघळून खाली गवतात टपकत होतं. ते पाणी नाही, मूत आहे, हे मला जरा वेळानं कळलं.

माझा श्वास तिथंच तुटला आणि चाल बंद पडली. ती तरीही खाली उतरली नाही. चाल संपली म्हणून तिचं संपलं नव्हतं. ती माझ्याकडे बघतच नव्हती. तिची नजर आबांच्या उजव्या हाताकडे लागली होती.

तो हात वर गेला होता. कोपरात वाकलेला, मूठ वळलेली, मुठीत काहीतरी धरल्यासारखी. मुठीत काही नव्हतं. आबांना तो हात वर गेल्याचं ठाऊकच नव्हतं. आम्ही तिघं हाताकडे बघतोय हे पाहून त्यांनी वर बघितलं आणि दुसऱ्या हातानं तो धरून खाली आणला.

"काय होतंय तिला?" बाईंनी विचारलं.

"मास्टर, उतरवा तिला," डॉक्टर ओरडले. "सांध्यांना सोसायचं नाही ते. उतरवा!"

आबांच्या तोंडून शब्द फुटेना. तंबूभर जाणारा तो आवाज कुठं गेला कोण जाणे. माचावर शकू कापत बसली होती, हुकमाची वाट बघत. शेवटी घोगऱ्या आवाजात ते म्हणाले, "शाबास, शकू. बास. झालं."

तेव्हा तिनं पंजे खाली टेकले. माचावरून उतरली, आणि गवताकडे न जाता तिथंच, आबांच्या समोर, हनुवटी मातीला लावून पडून राहिली. डोळे आबांवर.

वर्तकबाई माझ्याकडे वळल्या. रागावल्या नव्हत्या, पण मघाचं हसूही उरलं नव्हतं. "ही कसली चाल वाजवलीस गं?"

"सकाळची," मी म्हणाले. "म्हणजे बँडची. आम्ही लहान असताना रोज सकाळी वाजायची. आबा तिकडे कनातीत तालीम घ्यायचे, त्या वेळी. जनावर नवं असलं की रोजच. मग एकदा ते बसलं, शिकलं, की बंद व्हायची. पुन्हा नवं जनावर आलं की..."

इतकी वर्षं हे सगळं मला माहीत होतं. तोंडानं सांगताना पहिल्यांदाच ते माझ्या कानांनी ऐकलं.

"पण तालमीला बँड कशाला?" बाई म्हणाल्या.

मला उत्तर येत होतं आणि द्यायचं नव्हतं. मी आबांकडे बघितलं. ते सांगतील काहीतरी, असं मला अजूनही वाटत होतं. जनावराला सवय व्हावी म्हणून, ताल समजावा म्हणून, काहीही. बाईंना ते पटलं असतं. मलाही मी पटवून घेतलं असतं.

"आवाज भाईर जाऊ ने म्हणून," आबा म्हणाले.

"कसला आवाज?"

"तिचा."

मग आबाच बोलत राहिले, जाळीकडे तोंड करून, अगदी सपाट आवाजात. "गळ्यात दोरी. दोरी वर गजातनं काढल्याली. तीन-चार दिस उपाशी. काठीच्या टोकाला चूक, बारका खिळा. केसाच्या आत लागती, वळ दिसत न्हाई. पंजं वर झालं की थांबायचं. समदे असंच शिकिवत्यात. दुसरं कसं शिकवायचं, ते मला कुणी शिकिवलंच न्हाई. पर एकदा बसली की मग तिला मी कधी हात लावला न्हाई बाई. कधीच न्हाई. लावायची गरजच पडली न्हाई."

हे शेवटचं त्यांना आपल्या बाजूचं वाटलं असणार. बोलून गेल्यावर त्यांनाच ते ऐकू आलं.

मला कुठं तोंड लपवू असं झालं. माझ्या हातात ट्रंपेट होता आणि तो कुठं ठेवावा हे सुचत नव्हतं. डॉक्टरांकडे बघायची लाज वाटत होती, बाईंकडे बघायची लाज वाटत होती, आणि शकूकडे तर डोळा वर होत नव्हता. ज्या बापाचा मला एवढा अभिमान, त्याच्यापासून दोन पावलं लांब सरकून मी उभी राहिले. ते त्यांनी बघितलं.

वर्तकबाई जाळीपाशी गेल्या. मातीत पडलेल्या शकूकडे बघत म्हणाल्या, "मास्टर, मला कोर्टाला खरं सांगायचंय. तुम्ही म्हणालात, तिलाच विचारा. मघाशी ती आली. ती तुमच्यासाठी आली, की हीच चाल ऐकून माचावर चढली तशी आली?"

तो प्रश्न आबांना त्या क्षणाआधी कधी पडला नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. शकूचं ते गाल घासणं, घशातला तो आवाज, गोधडीतलं ते दूध, हे सगळं त्यांचंच होतं आणि कनातीतलंही सगळं त्यांचंच. कशातून कशाला वेगळं काढणार?

"पुन्हा एकदा हाक मारून बघता का?" बाई हळूच म्हणाल्या. "मी थांबते. घाई नाही."

आबांनी शकूकडे बघितलं. शकू त्यांच्याकडे बघत होती, कान मागे पाडून.

"न्हाई," आबा म्हणाले.

"का?"

"मारली तर ईल ती."

त्यांनी जाळीवरचा हात काढला. "ऱ्हाऊ द्या हिला हितंच. डाक्टर म्हणत्यात, हितं हाक मारली तरी ती पडून ऱ्हाती. तशीच पडून ऱ्हाऊ द्या."

आणि ते पाठ फिरवून फाटकाकडे चालायला लागले. शकूचा त्यांनी निरोप घेतला नाही. मी वळून बघितलं तर ती अजून तिथंच होती, उठायची परवानगी न मिळालेली. डॉक्टर जाळीशी उकिडवे बसून तिच्याशी काहीतरी बोलत होते.

एसटी यायला वेळ होता. फाट्यावरच्या टपरीत आम्ही चहा घेतला. एका बाकावर, पण मध्ये पिशवी ठेवून, आणि ती मी ठेवली होती. आबांचा चहा बशीत ओतलेला तसाच गार होत होता. इस्त्रीचा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. त्यांच्याकडे बघून मला कणव यायला हवी होती. पण मला त्यांची लाज वाटत होती, आणि लाज वाटते म्हणून स्वतःची आणखी लाज वाटत होती.

"तुला ठावं नव्हतं," ते म्हणाले.

"न्हाई."

"आत ऐकू यायचं समदं."

"काय?"

"बँड. तुझ्या टाळ्या. आणखी मोठ्यांदा म्हणून तू वरडायचीस, ते." त्यांनी बशी उचलली आणि परत खाली ठेवली. "मला बरं वाटायचं. पोरगी भाईर खुशीत हाय म्हणून."

मी उठून टपरीच्या मागे जाऊन उभी राहिले. मी परत आले तेव्हा आबांनी पिशवी आपल्या मांडीवर घेतली होती. एसटीत बसल्यावरही ती त्यांनी मला परत दिली नाही.

वर्तकबाईंनी काय लिहिलं ते मी वाचलं नाही. शकू तिथंच राहिली. पुढे काही वर्षांनी गवतात पडल्या पडल्या गेली, असं फडतरे डॉक्टरांनी फोन करून सांगितलं. आबांनी रिकामा पिंजरा धुणं मात्र आम्ही केंद्रातून परतलो त्याच आठवड्यात सोडलं होतं. जेवायला लागले, आणि मला वाटलं होतं त्याहून पुष्कळ जास्त जगले. माझं लग्न झाल्यावर मिरजेला माझ्याच घरी होते. माझ्या नवऱ्याला, शेजाऱ्यांना ते फार गरीब स्वभावाचे म्हातारे वाटायचे. "तुझ्या वडलांचा आवाजच ऐकू येत नाही गं," असं शेजारीण म्हणायची. सिंहांचा मास्टर म्हणजे हाच माणूस, हे तिला शेवटपर्यंत खरं वाटलं नाही.

कारण त्या दिवसानंतर आबांनी कुणाला हाक मारली नाही. मलाही नाही. काही हवं असलं की येऊन दारात उभे राहायचे, माझं लक्ष जाईपर्यंत. मी पाठमोरी असले तर कितीही वेळ. एकदा मी स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होते, वळून बघते तर हे चौकटीला धरून उभे. ताप होता अंगात, ओठ सुकलेले, पाणी हवं होतं. किती वेळ उभे होते देव जाणे. माझा संतापच झाला.

"हाक मारायला काय हुतं हो आबा? मी काय लांब हाय?"

"मारली असती तर तू आली असतीस," आबा म्हणाले, आणि भिंतीला धरत धरत स्वतःच माठाकडे गेले.